अर्धी टाकी

आमचे अण्णा रिटायर्ड फिटर. सात वर्षं खपून त्यांनी भंगारातल्या पिंपांचं, गरम हवेवर चालणारं भलंमोठं इंजिन परसात उभं केलं. ते दिवसभर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणार आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून घरात दिवे लागणार.

पहिल्या दिवशी इंजिन थांबल्यावर अण्णा जरा आडवे झाले. मी वर जाऊन पाहिलं, तर टाकी अर्धीच. म्हातारा खट्टू होईल म्हणून मी गुपचूप विजेचा पंप लावून ती काठोकाठ भरली. मग रोजच भरत गेलो.

या रविवारी त्यांचे कारखान्यातले जुने सोबती इंजिन बघायला येणार होते. आज कामावरून आलो, तर पिंपं कापलेली आणि भंगारवाला ती हातगाडीवर चढवतोय.

“अण्णा, चांगलं चालतं इंजिन का मोडलंत?”

“कागदावर टाकी अर्धीच भरायला हवी रे, दहादा मांडून पाहिलं. ही रोज काठोकाठ! म्हणजे माझं मुळातच काहीतरी चुकलंय.” हाताचं ग्रीस पुसत ते कसंनुसं हसले.



“बरं झालं,” ते म्हणाले, “चार माणसांना खोटं दाखवायच्या आधी लक्षात आलं.”