पातळ तेल

"बाबा, गेल्या वर्षी तुम्ही माझ्यासाठी पिस्तूल उशिरा वाजवलंत का?"

विचारलं एकदाचं! मैत्रिणी आठवडाभर डिवचत होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. टोळ तेवढी त्यात नव्हती. लांब पायांमुळे सगळ्या तिला टोळ म्हणायच्या; गेल्या वर्षी शंभर मीटरच्या शर्यतीत ती हिच्या केसभर मागे राहिलेली. ती आपली बुटाची नाडी बांधत बसायची.

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक. शर्यत सुरू करायचं पिस्तूल, नुसता आवाज करणारं, त्यांच्याच ताब्यात. आता ते दुपारच्या उन्हात टेबलावर उघडं पडलं होतं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं बाबा त्याच्या नळीतली काजळी काढत होते. वाटीत काळे ढग हळूहळू पसरत होते आणि वरच्या तवंगात जांभळा, हिरवा, सोनेरी रंग फिरत होता. असंच बघत बसलं तर आपला प्रश्नही त्यात विरघळून जाईल, असं तिला वाटलं.

"या वासानं घरात माशीसुद्धा फिरकत नाही," आई इस्त्री करता करता म्हणाली. "आणि पोरीला उत्तर द्या की."

"तेल जाड पडलं होतं," बाबा म्हणाले. "त्यात थंडीची सकाळ. गारठ्यात जाड तेल चिकट होतं, पिस्तुलाचा घोडा आळसावतो. मी चाप वेळेवर दाबला, आवाज मागून आला."

किती छान उत्तर! ती त्यावर क्षणभर तरंगली. बाबांनी 'सेट' म्हटल्यानंतरची ती शांतता तिला अजून आठवत होती. एवढी मोठी, की तिच्यात एक झोप काढता आली असती. तिची टाच थरथरत होती. मग थांबली. आणि मगच आवाज आला. तोवर शेजारी ओणवी ताटकळलेली टोळ लटपटायला लागली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आदल्या संध्याकाळी तेल मी घातलं होतं. तुम्हीच शिकवलंत ना? रॉकेल कोरडं पुसायचं, मग शिलाई मशीनचं पातळ तेल, एकच थेंब. थंडीत जाड तेलाला हात लावायचा नाही."

ब्रश थांबला. इस्त्रीही थांबली.

"उचल ती, शर्ट जळेल," बाबा आईला म्हणाले. मग ब्रश वाटीत ठेवला. "तुझी टाच हलत होती गं. अशा वेळी सगळ्यांना उठवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नियम आहे. मी नुसता थांबलो. तू स्थिर होईपर्यंत."

तिला रडू यायला हवं होतं. पण बाबांच्या चष्म्यावर रॉकेलचा एक थेंब उडाला होता, त्यात अख्खी खिडकी मावली होती, आणि तिला त्यांची इतकी माया आली की राग कुठे ठेवावा तेच कळेना.

ती खुर्ची सारून उठली.

"दोघं ऐका. उद्या शाळा भरायच्या आधी शर्यत पुन्हा होणार. फक्त टोळ आणि मी. गेल्या वर्षीचं पदक जी जिंकेल तिचं. बाबा, तुम्ही मैदानाच्या कठड्यावर बसून नुसतं बघायचं. पिस्तूल आई वाजवेल. तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही."