चमचाभर लिंबूसत्त्व

संत्र्याच्या सरबताच्या तीन बाटल्या एकाच दिवशी परत आल्या. "यंदा फारच आंबट झालंय हो," शेजारणींनी चाचरत सांगितलं.

तीस वर्षं सगळ्या गल्लीला सरबत पुरवणाऱ्या द्वारकाबाईंनी घोटभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "लिटरला एक चमचा लिंबूसत्त्व. मी तेवढंच घातलं. म्हणजे हातच गेला माझा. रेवती, ते सरबताचं पातेलं माळ्यावर टाक."

सुनेनं पातेलं उचललंच नाही. गेल्या वर्षीची उरलेली पुडी आणि यंदाची पुडी तिनं शेजारी शेजारी ठेवली. सासूच्याच चमच्यानं दोन्हीतलं एकेक माप घेऊन केकच्या वजनकाट्यावर ओतलं.

"आई, जुनं जाड खड्यांचं होतं, ते चार ग्रॅम भरलं. हे मिठासारखं बारीक, चमच्यात दाटून बसतं. सहा ग्रॅम."

द्वारकाबाईंनी चष्मा लावला. दोन्ही मापं स्वतः पुन्हा भरली, पुन्हा तोलली. आकडे तेच आले. मग यंदाच्या चमच्यातला तिसरा हिस्सा त्यांनी बोटानं हलकेच पुडीत परत सारला.

"अजून उभीच का?" त्या म्हणाल्या. "संत्री सोलायला घे."