जास्तीचा सूर

उद्या बाबांच्या शोकसभेत त्यांनीच रचलेली अंगाई गाणाऱ्या मंडळींना चार वाजेपर्यंत स्वरलिपी हवी होती, आणि इकडे चिमीला शब्द काही केल्या सुरांखाली बसवता येत नव्हते. बाबांच्या कागदावर नुसते सूर होते. शब्द तिला लहानपणापासून तोंडपाठ. तिने कॉम्प्युटरवर पाचव्यांदा ओळ भरली. स्वतःच्या नावापर्यंत सगळं सुरळीत, पण ‘चि’ आणि ‘मी’ बसले की एक सूर उरायचा, त्याखाली पुढचं अक्षर घुसायचं आणि तिथून सगळं गाणंच विस्कटायचं. सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं, ‘अक्षरं कमी पडत असतील तर सूर तपासून पाहा.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढणारे बाबा इथेच कसे चुकले? साडेतीन वाजले. तिने आईला फोन लावला.

“आई, बाबांनी माझ्या नावाला तीन सूर दिलेत. दोनच हवेत. एक काढून टाकते.”

“नको काढूस.”

“अगं, चूक आहे ती.”

आई म्हणाली, “कागदाच्या मागे तारीख असेल बघ.”

चिमीने कागद उलटला. तारीख होती. तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची.

माउसवरचा हात आपोआप मागे आला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “त्या बाळाचं नाव सांग. तीन अक्षरी होतं, एवढं कळलंय मला.”