पैजेची मिशी

तंबूत नवा मूकपट लागायचा झाला, की त्याची जाहिरात करणारी बैलगाडी ताशा वाजवीत रत्नागिरीच्या बाजारातून फिरे. दामूअण्णा गाडीवरचं चित्र एकदा बघत आणि अख्खी गोष्ट सांगून मोकळे होत. या खेपेला चित्रात एक जखमी राजपुत्र राजकन्येच्या मांडीवर पडला होता.

"वाचणार," अण्णा म्हणाले. "शेवटी लग्न."

"कसलं लगीन, अण्णा? मरणार तो. तोंडावरची कळा बघा जरा!" त्यांची दाढी करता करता सदू न्हावी म्हणाला.

अण्णा भडकले. "मेला, तर ही मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली. तिथल्या तिथे, चारचौघांत!"

शनिवारी सदू काखेत धोकटी मारून तंबूत पुढेच येऊन बसला. पडद्यावरची अक्षरं वाचता येणारे तिथे थोडेच. म्हणून ती मोठ्यानं वाचून दाखवायला पडद्याशेजारी एक माणूस उभा असे. तो माणूस म्हणजे दामूअण्णाच.

शेवटच्या रिळात राजपुत्रानं मान टाकली. राजकन्या ऊर बडवू लागली. चौघांनी त्याला तिरडीवर घालून खांद्यावर उचललं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. सदूनं धोकटीत हात घातला. सगळा तंबू अण्णांच्या तोंडाकडे बघू लागला.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"माहेर सुटते म्हणून राजकन्या रडत आहे. नवरदेव दमून आडवे झाले आहेत. वरात निघाली!"