न हलणारं सगळं

आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी रोज चहाच्या वेळी ते भिंतीवरच्या पडद्यात येऊन बसत आणि बायकोला विचारत, "साखर बेताची घातलीस ना?" आज मात्र ते समोरच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "कुमुद, कुठे गेलीस गं?"

"अहो, इथेच आहे मी," कुमुदिनीबाई पुटपुटल्या. अर्धांगवायूनंतर त्यांचा आवाज तेवढाच उरला होता.

शेजारच्या खोलीतून मुलगा श्रीरंग ओरडला, "आई, कॉम्प्युटरमध्ये नवा ड्रायव्हर टाकलाय! गेम सारखा अडकत होता. माझ्यात आणि आप्पांत एकच ग्राफिक्स कार्ड. म्हणून न हलणारं, हळू बोललेलं सगळं आप्पांपर्यंत पोचवायचं बंद केलंय. हात हलव, दिसशील!"

बाईंनी डावा हात उचलून हलवला.

"आलीस होय!" आप्पा हसले.

चहा निवेपर्यंत बाई हात हलवत राहिल्या. मग तो आपसूक मांडीवर पडला.

"म्हणजे तीही गेली," आप्पा म्हणाले, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्यासाठीच हुंदके देऊ लागले.

"आता कुठेच अडकत नाही गं, आई!" श्रीरंग आतून म्हणाला. "कसा सुळसुळ चाललाय!"