पटावरची मुलगी

मुलींच्या साक्षरतेत आपल्या देशाचा आलेख शेजारच्या देशाच्या वर गेला, तसं वैजयंतीला हायसं वाटलं. आकडेवारी खात्यातल्या साहेबांच्या हट्टापायी तिने शाळेच्या पटावर नाव असलेली प्रत्येक मुलगी शिकलेली धरली होती. आता उरला नेहमीचा सोपस्कार: पुढच्या काळातली माणसं पडद्यावर आणणाऱ्या भविष्ययंत्रावर दोन्ही देशांतल्या २०९० सालच्या एकेका तरुणीची सही घ्यायची.

शेजारची झोकात सही करून गेली. मग पडद्यावर आपली आली आणि नुसतीच बघत राहिली.

“सही कर ना गं.”

“येत नाही, बाई. तुमच्या कागदावर आम्ही सगळ्या शिकलेल्याच होतो. मग गावात शाळा कशाला ठेवतील?”

तिने काचेवर आतून अंगठा टेकवला.

वैजयंतीने घाईघाईने यंत्र बंद केलं. काळ्या काचेवरचा ठसा पदराने कितीही पुसला, तरी जाईना.