शून्य सेकंद

शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक मृणाल तोरसकर यांनी सहावीच्या मुलांना कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवायला सांगितली. प्रश्न संपताच उत्तर कुजबुजणारी ही यंत्रं त्यांच्याच संशोधनातून आली होती. वर्गातला विचार करण्याचा वेळ त्यांनी शून्य सेकंदांवर आणला होता.

"चंद्र कधीकधी दिवसाही का दिसतो?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या बाकावरच्या मैथिलीनं घाबरून कपाळाला हात लावला.

"मॅडम, डोक्यात कसंतरीच होतंय. मला ताप आलाय का?"

"नाही गं. तू विचार करते आहेस."

"मग हे कधी थांबेल?" ती रडवेली झाली.

तोरसकर उत्तर कानात येण्याची वाट पाहत राहिल्या. टेबलावर मुलांच्या यंत्रांशेजारी त्यांचंही यंत्र पडलं होतं.